भिंत हाही उपकरणाचाच भाग असतो

राष्ट्रीय विज्ञानवार्तांमध्ये एक छायाचित्र ठरावीक काळाने परत येते. पांढरीशुभ्र लांब गाडी, दोन्ही अंगांना संस्थांची बोधचिन्हे, दाराला बांधलेली फीत आणि फितीपुढे उभे असलेले मान्यवर. त्यासोबतचे दुसरे छायाचित्र गाडीच्या आतले असते : जैवसुरक्षा कपाट, शीतपेटी, ऑटोक्लेव्ह, संगणकाचे पडदे. बातमीत उपकरणांची नावे असतात, खर्चाचा आकडा असतो, दिवसाला किती नमुने तपासता येतील हे असते. एक गोष्ट मात्र माझ्या वाचनात कधी आलेली नाही. ती उपकरणे त्या गाडीच्या भिंतीला कशाने धरून ठेवली आहेत?

हा प्रश्न क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तो एके काळी तसाच वाटत असे. आज तो मला त्या बातमीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि वाचकांनी तो विचारायला हवा, असे माझे मत आहे. हे मत कसे बनले, ते सांगते.

आधी या गाड्यांचे मोल मान्य केले पाहिजे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी नाशिक येथे देशातील पहिल्या फिरत्या बीएसएल-३ प्रयोगशाळेचे उद्घाटन तत्कालीन केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती प्रवीण पवार यांच्या हस्ते झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि मुंबईची क्लेनझेड्स ही कंपनी यांनी मिळून ती उभी केली. बीएसएल-३ म्हणजे श्वासावाटे पसरू शकणाऱ्या घातक रोगजंतूंवर सुरक्षितपणे काम करता येईल अशी बंदिस्त व्यवस्था. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा आणि बाहेर जाणारी हवा सूक्ष्म गाळण्यांतूनच सोडायची, हे तिचे मूळ तत्त्व. २०२३ च्या सप्टेंबरात केरळातील कोळिकोड येथे निपाहचा उद्रेक झाला, तेव्हा परिषदेने फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळा तिथे धाडली. धोकादायक नमुना शेकडो किलोमीटर प्रवास करून प्रयोगशाळेपर्यंत जाण्याऐवजी प्रयोगशाळाच नमुन्यापर्यंत आली. साथीच्या काळात वाचलेल्या प्रत्येक तासाला किंमत असते.

त्याआधी, २३ एप्रिल २०२० रोजी, हैदराबादेत डीआरडीओने ईएसआयसी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने तयार केलेल्या फिरत्या विषाणू प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले होते. ती अवघ्या १५ दिवसांत उभी राहिली. आमच्या म्हैसूरमध्येही डीआरडीओच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्याच वर्षी ‘परख’ नावाची फिरती प्रयोगशाळा कोविड तपासणीसाठी सिद्ध केली. ही कामे अभिमानास्पद आहेत, आणि पुढे मी जो अनुभव सांगणार आहे त्याचा या तिन्हींपैकी कोणत्याही प्रयोगशाळेशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने एक लहान फिरती प्रयोगशाळा बांधून घेतली. पाण्याचे व अन्नाचे नमुने खेडोपाडी जाऊन तपासायचे, हा तिचा हेतू. गाडी ताब्यात घेताना तपासणी करणाऱ्या समितीत मीही होते. उपकरणे चालू करून पाहिली, नोंदी जुळवल्या. डाव्या भिंतीवर पोलादी चौकटीत एक इन्क्युबेटर बसवला होता. वजन सुमारे ३० किलो. मी ती चौकट दोन्ही हातांनी धरून जोराने हलवली. ती हलली नाही. मी सही केली.

नऊ महिन्यांनंतर एका गतिरोधकावर ती चौकट भिंतीतून उपटून खाली आली. नमुन्यांकडे लक्ष ठेवण्यासाठी मागे बसलेल्या तरुण तंत्रज्ञाच्या मनगटाचे हाड मोडले. चौकशी झाली आणि अहवालात कारण नोंदवले गेले : ‘वाहन निष्काळजीपणे चालविणे’. गाडीच्या मार्गनोंदीत त्या क्षणीचा वेग ताशी २८ किलोमीटर होता. चालकाला आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. त्यांचे कंत्राट पुढे वाढवण्यात आले नाही.

मी ती भिंत नंतर पाहिली. ज्या छिद्रांत स्क्रू बसवले होते ती गोल राहिली नव्हती, उभट झाली होती. त्यांच्याभोवती काळपट भुकटी जमली होती. ॲल्युमिनियमचे दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म अंतराने हजारो वेळा घासले गेले की अशी काळी भुकटी पडते. म्हणजे ती चौकट त्या दिवशी सुटली नव्हती. ती नऊ महिने सुटत होती. गतिरोधकाने शेवटचा धक्का दिला, इतकेच. खापर फोडायचे तर ते भिंतीवर फोडायला हवे होते, आणि हाताने हलवून सही करणाऱ्या माझ्यावर.

हाताने हलवून पाहणे ही परीक्षा का फसवी आहे, हे समजण्यासाठी अकरावीचे पदार्थविज्ञान पुरते.

गाडी उभी असताना काय होते ते प्रथम पाहू. उपकरण ३० किलोचे, त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून २५ सेंटिमीटर पुढे, आणि चौकटीचे वरचे व खालचे स्क्रू एकमेकांपासून ४० सेंटिमीटर अंतरावर. उपकरणाचे वजन चौकटीला खाली ओढते, हे सर्वांनाच दिसते. परंतु ते चौकटीला पुढेही झुकवते. खालची कड भिंतीवर टेकते आणि वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर ओढले जातात. आघूर्णांचा हिशेब सोपा आहे : ३० किलो गुणिले २५, भागिले ४०. वरच्या ओळीवर बाहेर खेचणारे बल सुमारे १९ किलो वजनाइतके येते. वर चार स्क्रू असतील तर प्रत्येकी पाच किलोही नाही. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात बसवलेला साधा स्क्रू एवढा भार सहज पेलतो. म्हणूनच कार्यशाळेत सगळे भक्कम वाटते. तिथे चौकटीला माणूस लोंबकळला तरी ती हलणार नाही, आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही.

आता गाडी चालू द्या. रस्त्यावरच्या दणक्यांत भिंतीवरील वस्तूला गुरुत्वाच्या दुप्पट-तिप्पट प्रवेग क्षणभर मिळणे ही विशेष बाब नाही. तिप्पट धरले तर ते १९ किलो ५७ होतात. हेही बल एकदाच लागले तर स्क्रू टिकेल. परंतु ते एकदा लागत नाही. किलोमीटरमागे दहा ठळक दणके, दिवसाला शंभर किलोमीटर आणि वर्षाला दोनशे दिवस, एवढा माफक हिशेब धरला तरी वर्षात दोन लाख दणके होतात. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूचा हा शिणवटा आणि पेचाचे हळूहळू ढिले होणे, हे दोन शत्रू उभ्या गाडीत दिसतच नाहीत.

एक गैरसमज इथेच दूर करावा. म्हैसूरहून वायनाडमार्गे कोळिकोडला जाताना तामरश्शेरी घाटात नऊ तीव्र वळणे आहेत. अशा वळणांवर उपकरणे सुटतील, अशी भीती सर्वांना वाटते. हिशेब करून पाहा. ताशी २० किलोमीटर वेग आणि १२ मीटर त्रिज्येचे वळण धरले तर बाजूचा प्रवेग गुरुत्वाच्या केवळ पाव पट येतो. आपल्या पोटात जे ढवळते ते वळणामुळे. भिंतीतला स्क्रू जो सुटतो तो बहुधा सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यामुळे. आपल्या शरीराला जाणवणारी भीती आणि धातूला जाणवणारी भीती एकच नसते.

अपघाताचा हिशेब वेगळा आणि अधिक कठोर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील ३० किलोच्या उपकरणाची गतिज ऊर्जा सुमारे ४,२०० जूल असते. तेच उपकरण चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली टाकले तर जमिनीवर आदळताना तेवढीच ऊर्जा असेल. गाडी एकाएकी थांबली आणि उपकरण सुटले, तर ते त्या ऊर्जेनिशी पुढे जाते. पुढे चालक असतो.

म्हणूनच रुग्णवाहिकांसाठीचे युरोपीय मानक, ईएन १७८९, मागते की आतली प्रत्येक वस्तू गुरुत्वाच्या १० पट प्रवेग सहन करून जागेवर राहिली पाहिजे; पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि उभ्या दिशेने. ३० किलोच्या उपकरणासाठी याचा अर्थ ३०० किलो वजनाइतके बल. अमेरिकेत याच हेतूने रुग्णवाहिकेतील उपकरणांचे आधार घसरगाडीवर बसवून, प्रत्यक्ष धडकेसारखा झटका देऊन तपासण्याची पद्धत ठरवली गेली आहे. या दोन्ही ठिकाणी कुणी चौकट हाताने हलवून पाहत नाही.

येथवरचा विचार मजबुतीचा झाला. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : ताठपणा. मजबूत आणि ताठ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. पदार्थविज्ञानात ते वेगळे आहेत. वेताची काठी मजबूत असते, ताठ नसते.

भिंतीवर टांगलेले उपकरण आणि त्याला धरणारी लवचिक भिंत मिळून एक स्प्रिंग आणि वजन यांची जोडी बनते. या जोडीची स्वतःची एक स्वाभाविक वारंवारता असते आणि ती काढायला ना वस्तुमान लागते, ना स्प्रिंगचा स्थिरांक. उपकरण बसवल्यावर आधार स्वतःच्या जागेवरून किती खाली झुकतो, एवढे मोजले की पुरते. झुकाव मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येते. झुकाव ४ मिलिमीटर असेल तर सुमारे ८ हर्ट्झ. २ मिलिमीटर असेल तर ११. पाव मिलिमीटर असेल तर ३१ च्या पुढे.

आता गाडीकडे पाहा. स्प्रिंगांवर उभा असलेला गाडीचा देह साधारण १ ते ३ हर्ट्झने डोलतो. चाके आणि आस यांची उडी साधारण ८ ते १५ हर्ट्झची असते. ज्या चौकटीचा झुकाव एक ते चार मिलिमीटर आहे, ती नेमकी याच पट्ट्यात सापडते. मग झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या लहान धक्क्यांनी झोका वाढत जावा, तसे होते. अवमंदन कमी असेल तर भिंतीचा थरथराट उपकरणापर्यंत पाच-दहा पट होऊन पोहोचतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. झुकाव पाव मिलिमीटरवर आणला की तीच चौकट या पट्ट्याच्या बाहेर निघते.

त्या अपघातानंतर संस्थेच्या तशाच दुसऱ्या गाडीतील तशीच चौकट मी मोजली. उपकरण ठेवल्यावर ती जवळजवळ २ मिलिमीटर झुकत होती. मग उपकरणाला भ्रमणध्वनी चिकटवून चौकटीला हलकेच टिचकी मारली आणि त्यातील प्रवेगमापकाची नोंद पाहिली. ११ हर्ट्झच्या आसपास शिखर होते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे फायफॉक्स हे विनामूल्य ॲप त्यासाठी पुरेसे आहे. बसच्या सामान ठेवण्याच्या फळीपासून घरातल्या मायक्रोवेव्हच्या कप्प्यापर्यंत कुठेही तो करता येतो.

हा झुकाव येतो कुठून? चौकट तर पोलादी होती. उत्तर भिंतीत आहे. अशा गाडीची भिंत घराच्या विटांच्या भिंतीसारखी एकसंध नसते. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ थर, मध्ये उष्णता रोखणारा फोम, आत आणखी एक पातळ थर, आणि ठरावीक अंतरावर चौकोनी पाइपांचा सांगाडा. स्क्रू जर दोन पाइपांच्या मधल्या पातळ थरात गेला, तर उपकरण जवळजवळ ढोलाच्या चामड्यावर टांगल्यासारखे होते. कितीही जाड चौकट लावली तरी चामडे हलायचे ते हलणारच. भार उपकरणातून चौकटीत, चौकटीतून सांगाड्यात आणि सांगाड्यातून गाडीच्या चासिसमध्ये गेला पाहिजे. या साखळीतील सर्वांत मऊ कडी संपूर्ण व्यवस्थेचा ताठपणा ठरवते.

मी ज्या हेब्बाळमध्ये राहते ते बंगळुरूचे नव्हे, म्हैसूरचे. इथल्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची आणि जोडकामाची कामे करणारी लहान दुकाने आहेत. त्यांपैकी एका वृद्ध मेस्त्रींना मी आमची चौकट दाखवली. त्यांनी चौकटीकडे पाहिलेच नाही. भिंत बंद करण्याआधी आत काय ठेवायचे हे तुम्हाला माहीत होते का, एवढेच त्यांनी कन्नडमध्ये विचारले. माहीत नव्हते, हे खरे होते. गाडीचे बांधकाम एका पुरवठादाराकडे होते, उपकरणे दुसऱ्याकडून आली, आणि ‘योग्य रीतीने बसवून द्यावीत’ या चार शब्दांवर निविदेने विषय संपवला होता. योग्य रीत म्हणजे कोणती, हे कुणाच्याच जबाबदारीत नव्हते.

मेस्त्रींनी जे सांगितले ते कोणत्याही चांगल्या अभियंत्याने सांगितले असते. उपकरणाची जागा आणि वजन आधी ठरवावे. भिंत उघडी असतानाच त्या जागी पाइपापासून पाइपापर्यंत जाड पट्टी वेल्डिंगने जोडावी. सँडविच पॅनेल असेल तर त्यात भरीव ठोकळा आधीच बसवून घ्यावा, नाहीतर बोल्ट आवळताच फोम चेपतो आणि पकड जाते. पत्र्याच्या स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मागे रुंद पट्टी आणि न सुटणारा नायलॉक नट वापरावा. जड वस्तूचे वजन शक्यतो खालून पेलावे. भिंतीने ती फक्त कलू द्यायची नाही. प्रत्येक नटावरून चौकटीवर येणारी रंगाची एक रेघ ओढावी. नट किंचित जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते आणि ती पाहायला अभियंता लागत नाही, चालकालाही दिसते. बंद करण्यापूर्वी भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पाच वर्षांनी दुसरे उपकरण बसवणाऱ्याला सांगाडा कुठे आहे ते कळेल.

यात मी दोन गोष्टींची भर घालीन. पहिली उष्णतेची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सहा मीटर लांबीच्या गाडीत पहाट आणि दुपार यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर पोलादी सांगाडा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्या लांबीत सुमारे २ मिलिमीटरचा फरक पडतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्रा याहूनही अधिक तापतो. दोहोंना अनेक ठिकाणी घट्ट जखडणारे स्क्रू हा फरक रोज अंगावर घेतात. दुसरी गोष्ट रबरी गाद्यांची. उपकरणाखाली रबर घातले की कंपने थांबतात, ही समजूत अर्धवट आहे. गादी फक्त तिच्या स्वाभाविक वारंवारतेच्या १.४ पटीहून अधिक वेगाची कंपने कमी करते. त्याखालची कंपने ती कमी तर करत नाहीच, उलट वाढवते. चुकीची गादी म्हणजे आपल्या हाताने बसवलेले अनुस्पंदन.

बीएसएल-३ प्रयोगशाळेत हा प्रश्न आणखी एका कारणाने कठीण होतो. तिथे भिंत हीच सुरक्षा असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवायचा तर आवरण हवाबंद हवे, आणि भिंतीत नंतर पाडलेले प्रत्येक छिद्र ही एक संभाव्य गळती असते. कंपनांनी ढिला झालेला बोल्ट तिथे केवळ उपकरण धोक्यात आणत नाही. तो आवरणालाच छिद्र पाडतो. शिवाय तिथे निर्जंतुकीकरणासाठी पृष्ठभाग सलग असावा लागतो, म्हणून आधाराच्या फटीही चालत नाहीत. अशा गाडीत उपकरणे मागाहून ‘बसवता’ येत नाहीत. ती भिंतीबरोबरच कल्पिलेली असावी लागतात. भिंत हाही उपकरणाचाच भाग असतो, असे मी म्हणते ते याच अर्थाने.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला घाईचा : साथ दारात उभी असताना बोल्ट मोजत बसायचे काय? हा आक्षेप मी हलका समजत नाही. १५ दिवसांत प्रयोगशाळा उभी करणाऱ्यांना त्या दिवसांत वेळेचे मोल आपल्याहून अधिक कळत होते. परंतु पट्टी वेल्डिंग करायला भिंत उघडी असताना एक दुपार लागते. भिंत बंद झाल्यावर तेच काम आठवड्याचे होते. इथे घाई आणि काळजी यांचे वैर नाही, फक्त क्रम चुकतो.

दुसरा आक्षेप असा की, मानके आहेतच. खरे आहे. आपल्याकडे मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ आहे, रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ आहे, आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआयसारखी संस्था वाहनांच्या चाचण्यांसाठी देशाला ठाऊक आहे. परंतु फिरती प्रयोगशाळा धड रुग्णवाहिका नाही आणि धड कॅरव्हॅनही नाही. तिला कोणता आकडा लावायचा, हे मागणी करणाऱ्या संस्थेने निविदेत स्वतः लिहावे लागते. ‘योग्य रीतीने’ हा आकडा नव्हे. ‘गुरुत्वाच्या १० पट, सहाही दिशांना, उपकरण बसवल्यावर झुकाव पाव मिलिमीटरहून अधिक नको’ हा आकडा आहे. तो लिहिला की तो तपासता येतो, आणि तपासता येते तेव्हाच जबाबदारी ठरते.

हा विषय केवळ शासकीय गाड्यांचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि व्हॅन विकत घेऊन तिचे फिरते घर करणारे तरुणही आता दिसतात. त्या घराच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच, मायक्रोवेव्ह, पाण्याचा गीझर, बॅटऱ्या येतात. प्रयोगशाळेत निदान समिती तरी असते. इथे मुले मागे झोपलेली असतात. वरचा सगळा हिशेब त्या भिंतीलाही तंतोतंत लागू आहे. बॅटरी भिंतीवर नव्हे, जमिनीवर ठेवा आणि चासिसला बांधा, एवढा एकच सल्ला मी आग्रहाने देईन.

विज्ञानवार्ता वाचणाऱ्यांकडे मात्र माझे वेगळे मागणे आहे. पुढच्या वेळी फीत कापल्याचे छायाचित्र पाहाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. उपकरणांचे आधार किती प्रवेगासाठी तपासले आहेत? ही तपासणी उभ्या गाडीत झाली की चालत्या? आणि हजार किलोमीटरनंतर नटांची व मापनांची फेरतपासणी कोण करणार आहे, त्याचे नाव कुठे लिहिले आहे? हे प्रश्न टीका म्हणून नव्हे, आस्था म्हणून विचारा. उपग्रह प्रक्षेपणापूर्वी कंपनयंत्रावर हलवून पाहिला जातो, ही बातमी आपण कौतुकाने वाचतो. तो काही मिनिटांचा प्रवास असतो. खेड्याकडे निघालेल्या गाडीचा प्रवास दहा वर्षांचा असतो आणि तिच्यात माणसे बसलेली असतात.

त्या अपघातानंतर मी एक टिपण लिहिले : छिद्रांची छायाचित्रे, झुकाव, ११ हर्ट्झचा आलेख, २८ किलोमीटरचा वेग. ते अहवाल मंजूर झाल्यानंतर पोहोचले आणि अहवालाला जोडले गेले नाही. लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण आकडे पक्के करून मगच बोलायचे अशी आम्हा संशोधकांची सवय आहे. चांगली सवय आहे. पण त्या तीन आठवड्यांत एका माणसाच्या उपजीविकेचा निर्णय होऊन गेला होता. अण्णा आता म्हैसूरमध्येच शाळेची बस चालवतात. मध्यंतरी भेटले तेव्हा मी त्यांना सांगितले की दोष तुमचा नव्हता, गणिताने तसे दिसते. ते म्हणाले, मला ते त्याच दिवशी माहीत होते.

गतिरोधक ही रस्त्यावर कुणाला अनपेक्षित असलेली गोष्ट नव्हे. जी भिंत गतिरोधक सहन करू शकत नाही, तिच्यासाठी चालकाला दोषी धरणे हे विज्ञान नव्हे. दोष कुठे आहे हे भिंत बंद होण्यापूर्वी पाहण्याची सोय आपल्याला असते. ती आपण वापरावी, एवढेच म्हणणे आहे.